तेहतीस पानांचे पत्र

१९३८ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या बालमानसोपचार विभागात एक टंकलिखित पत्र आले. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावी राहणाऱ्या एका वकिलाने ते आपल्या मुलाबद्दल पाठवले होते. पत्र चांगले ३३ पानांचे होते. मुलगा वर्षाचा असताना गाण्यांच्या चाली अचूक गुणगुणायचा, दोन वर्षांचा होईपर्यंत त्याला बायबलमधले स्तोत्र आणि धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे तोंडपाठ झाली होती. पण वडील घरी आले तरी तो मान वर करून पाहत नसे. नाताळात सांताक्लॉजचा वेश केलेला माणूस समोर उभा केला, तरी त्याचे लक्ष गेले नाही. भांड्यांची झाकणे, लाकडी ठोकळे, जे हाती लागेल ते गरगर फिरवत बसायचा आणि त्यात कोणी अडथळा आणला की आकांत करायचा. एकटा असला की सर्वांत आनंदी. मुलाचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट.

पत्र वाचणारे डॉक्टर होते लिओ कॅनर. ऑटिझम, म्हणजे आपण मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतो, ती वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात आणणारे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. स्वमग्न मुलांच्या आईवडिलांच्या वाट्याला पुढे जे दोषारोप आले, त्यांची सुरुवातही बऱ्याच अंशी याच माणसाच्या लेखणीतून झाली. आणि ते आरोप जाहीरपणे मागे घेणाराही तोच. मूल शाळेत टिकत नाही म्हणून शिक्षकांचे, नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे ऐकून घेणाऱ्या आजच्या पालकांनी हे चरित्र वाचावे, असे मला वाटते ते याच कारणाने.

कॅनर यांचा जन्म १३ जून १८९४ चा. ब्रॉडी शहराजवळचे त्यांचे गाव क्लेकोतुव्ह तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. घराणे ज्यू. १९०६ मध्ये कुटुंब बर्लिनला आले. पोराला कवितेचा नाद होता आणि कवी व्हायचे होते, पण कविता कोणी छापेना. शेवटी १९१३ साली त्याने वैद्यकीय शिक्षण सुरू केले. मध्येच पहिले महायुद्ध आले, सैन्याच्या वैद्यकीय दलात नोकरी झाली आणि पदवी हाती यायला १९२१ उजाडले. उतारवयात कॅनर गंमतीने म्हणत, की कविता छापून आल्या असत्या तर आपण जर्मनीतच राहिलो असतो आणि हिटलरच्या छळछावणीत मेलो असतो.

बर्लिनमध्ये ते हृदयाचे डॉक्टर होते. मानसोपचाराशी काही संबंध नव्हता. १९२४ मध्ये एका अमेरिकी डॉक्टरच्या ओळखीने साउथ डाकोटातील यँक्टन येथल्या सरकारी मनोरुग्णालयात जागा मिळाली, ती त्यांनी घेतली. मनोरुग्णालय म्हणजे काय हे त्यांना तिथेच, काम करता करता कळले. इंग्रजी पक्के करण्यासाठी वर्तमानपत्रातली शब्दकोडी सोडवायचे. दातांविषयीच्या लोकसमजुतींवर एक अख्खे पुस्तकही त्यांनी याच काळात लिहिले. औपचारिक शिक्षण नसल्यामुळे असेल, पण रुग्णाला एखाद्या ठरलेल्या सिद्धांताच्या चौकटीत बसवण्याची घाई त्यांच्यात कमी होती. आधी नीट बघायचे, मग नाव द्यायचे. त्यांच्या आयुष्यातले उत्तम काम या सवयीतून झाले, आणि जिथे ती सवय सुटली तिथे घोळ झाला.

१९२८ साली ते जॉन्स हॉपकिन्समध्ये अॅडॉल्फ मायर या नामवंत मानसोपचारतज्ज्ञाच्या हाताखाली आले. १९३० मध्ये तिथल्या बालरुग्णालयात मुलांसाठी स्वतंत्र मानसोपचार विभाग सुरू झाला, त्याचे प्रमुखपद कॅनर यांच्याकडे आले. १९३५ मध्ये त्यांनी लिहिलेले बालमानसोपचारावरचे पाठ्यपुस्तक इंग्रजीतले या विषयाचे पहिले मानले जाते. पुढची कित्येक दशके ते वापरात होते.

त्या काळातल्या कॅनर यांच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण ऑटिझमच्या इतिहासात त्या सहसा मागे पडतात. बाल्टिमोरजवळ मतिमंदांसाठी रोझवूड नावाची संस्था होती. एका वकिलाने न्यायालयातून आदेश मिळवून तिथल्या दीडशेहून अधिक जणांना, प्रामुख्याने मुलींना, बाहेर काढले होते. वरवर पाहता ती सुटकाच होती. प्रत्यक्षात श्रीमंत घरांना फुकटात राबणाऱ्या मोलकरणी पुरवण्याचा तो धंदा होता. कॅनर यांनी एका समाजसेविकेच्या मदतीने या मुलींचा पुढे शोध घेतला. कित्येकींना मालकिणींनी हाकलून दिले होते, कोणी रस्त्यावर, कोणी तुरुंगात, कोणी गंभीर आजारात सापडल्या. १९३७ मध्ये त्यांनी हे सारे मानसोपचारतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. दुसरी गोष्ट १९४२ ची. अमेरिकेतील एका मोठ्या मेंदूविकारतज्ज्ञाने, जन्मजात गंभीर मतिमंद मुलांना दयामरण द्यावे असा प्रस्ताव मानसोपचाराच्या प्रमुख नियतकालिकात मांडला. त्याच अंकात त्याला विरोध करणारा लेख कॅनर यांचा होता. त्याच्या शीर्षकातच अशा मुलांच्या निर्दोष मुक्ततेची भाषा होती. जर्मनीत नेमके तेच प्रत्यक्ष घडत होते, तेव्हाचा हा लेख आहे. नाझी राजवटीतून निसटू पाहणाऱ्या अनेक ज्यू डॉक्टरांना अमेरिकेत आणण्यासाठीही त्यांनी खटपट केली.

१९४१ मध्ये त्यांनी आयांच्या बाजूने एक पुस्तक लिहिले होते. तज्ज्ञ म्हणवणारी मंडळी आयांना उगाच धास्तावून सोडतात, तिकडे फार लक्ष न देता आपल्या मुलाला नीट बघा, असा त्याचा सूर. हे पुस्तक लक्षात ठेवा. पुढे त्याचा उल्लेख येणार आहे.

आता डोनाल्डकडे वळू. बाल्टिमोरला येण्याआधी तो एका संस्थेत राहून आला होता. क्षयरोगाच्या संसर्गापासून मुलांना दूर ठेवण्यासाठी उभारलेली ती जागा. तीन वर्षांच्या मुलाला तिथे ठेवा आणि तुम्ही त्याच्यापासून लांब राहा, हाच त्या वेळचा वैद्यकीय सल्ला. तिथे तो सुकत गेला, तासन्‌तास हलायचा नाही. साधारण वर्षभराने आईवडील त्याला घरी न्यायला आले, तेव्हा संस्थेच्या संचालकांनी विरोध केला. मूल इथे छान आहे, त्याला तसेच असू द्या, असे त्यांचे म्हणणे. मुलाविषयी लेखी अहवाल मागितला, तर त्यांनी जेमतेम अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहून दिली. वडिलांची ३३ पाने आणि संचालकांचे अर्धे पान. मुलाला कोण किती बघत होते ते यावरूनच कळते.

कॅनर यांनी ऑक्टोबर १९३८ मध्ये डोनाल्डला तपासले, पण लगेच काही नाव दिले नाही. पुढची काही वर्षे अशीच आणखी मुले त्यांच्याकडे येत राहिली. डोनाल्डची आई मेरी त्यांना नियमित पत्रे लिहीत राहिली. १९४३ साली त्यांचा गाजलेला निबंध आला. त्यात ११ मुलांची हकिकत होती, आठ मुलगे आणि तीन मुली. डोनाल्ड त्यातला पहिला. ऑटिस्टिक हा शब्द त्यांनी स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांच्याकडून घेतला. ब्लॉयलर यांनी तो स्किझोफ्रेनियातील एका लक्षणासाठी वापरला होता. ग्रीक भाषेतल्या स्वतः या अर्थाच्या शब्दावरून तो आला आहे, आणि आपला स्वमग्नता हा शब्दही त्याच वाटेने. (व्हिएन्नात हान्स आस्पर्गर त्याच सुमारास अशाच मुलांविषयी लिहीत होते, आणि मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा यांनी त्याआधी कितीतरी वर्षे लिहून ठेवले होते. पहिला कोण, हा वाद बाजूला ठेवू.)

या ११ मुलांत कॅनर यांना दोन गोष्टी समान दिसल्या. माणसांपेक्षा एकटेपणाची ओढ, आणि सगळे जसेच्या तसे राहावे हा अट्टहास. शाळेच्या दृष्टीने या दोहोंतली दुसरी गोष्ट समजून घेणे फार गरजेचे आहे. अशा मुलाला फर्निचर हलवलेले चालत नाही, रस्ता बदललेला चालत नाही, वाक्य रोजच्याच शब्दांत बोलावे लागते. यामागे हट्ट किंवा लाड नसतात. जगाचा अंदाज बांधण्याची त्याची तीच एक रीत असते, ती मोडली की भीतीने त्याचा थरकाप उडतो. आता नेहमीची शाळा कशी असते ते आठवा. अचानक वाजणारी घंटा, चाळीस-पन्नास मुलांचा गलका, ट्यूबलाइटची घरघर, एका तासाला आलेल्या नव्या बाई, पाऊस आला म्हणून रद्द झालेला खेळाचा तास. आपल्याला यातले काही जाणवतही नाही. त्या मुलाला मात्र सकाळी गणवेश बघूनच पोटात कळ येते. मोठ्या आवाजाला, फिरत्या वस्तूंना ही मुले घाबरतात हे निरीक्षणही कॅनर यांच्या १९४३ च्या निबंधात आहे. शाळेत न जाणाऱ्या मुलाला सरसकट हट्टी ठरवण्याआधी एवढे तरी वाचायला हवे.

डोनाल्डची शाळा कशी सुरू झाली, हे त्याच्या आईच्या पत्रांमुळे आपल्याला माहीत आहे. कॅनर यांनी ती निबंधात वापरली. १९३९ च्या शरद ऋतूत मेरी स्वतः मुख्याध्यापकांना भेटल्या आणि मुलाला पहिलीच्या वर्गात बसवून बघण्याची त्यांची तयारी झाली. पहिला दिवस कठीण गेला. पुढचा प्रत्येक दिवस थोडा सोपा. तो रांगेत चालू लागला, हाक मारली की उत्तर देऊ लागला. शाळेतले काही घरी येऊन स्वतःहून सांगत नसे, पण जायला नाही म्हणत नसे. नोव्हेंबरमध्ये मेरी वर्गात जाऊन बसल्या. बाईंनी फळ्यावर तीन वाक्ये लिहिली. प्रत्येक वाक्यात एकेका मुलाचे नाव आणि त्याने माशाला खायला घालावे असे. डोनाल्डची पाळी आली तेव्हा तो उठून फळ्याशी गेला, स्वतःच्या नावाभोवती गोल काढला आणि मग भांड्यातल्या गोल्डफिशला खायला घातले.

मला या प्रसंगाचे फार महत्त्व वाटते. त्या बाईंनी ऑटिझम हा शब्द ऐकलेला नव्हता, कारण तो निदान म्हणून अजून जन्मालाच आला नव्हता. विशेष प्रशिक्षण नाही, सोबत बसणारा वेगळा शिक्षक नाही. पण तोंडी सूचनेऐवजी सूचना फळ्यावर लिहिली होती. त्यात मुलाचे नाव होते, काय करायचे ते एकच होते आणि ते सगळ्या मुलांना करायचे होते. आज विशेष शिक्षक याच गोष्टी चित्रांच्या वेळापत्रकातून करतात.

पण पुढे गाडी अडली. डोनाल्ड पुन्हा आक्रसू लागला. १९४२ साली, तो नऊ वर्षांचा असताना, घरापासून साधारण १० मैलांवर राहणाऱ्या एका शेतकरी दांपत्याकडे त्याला ठेवण्यात आले. या दांपत्याला स्वतःचे मूल नव्हते. आई वरचेवर भेटायला जाई. कॅनर मे १९४५ मध्ये स्वतः त्या शेतावर गेले आणि जे पाहिले त्याने थक्क झाले. डोनाल्डला मोजमापाचा छंद होता, म्हणून शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावली होती आणि तिची खोली किती झाली ते वेळोवेळी सांगायला सांगितले होते. मेलेले पक्षी आणि किडे तो गोळा करत राही. ते फेकून न देता त्यांनी त्याला शेतातला एक कोपरा दफनभूमीसाठी दिला. तिथे प्रत्येक कबरीवर तो पाटी लावी. पाटीवर आधी एखादे नाव, मधल्या नावाच्या जागी तो प्राणी, म्हणजे गोगलगाय वगैरे, आणि आडनाव त्या शेतकऱ्याचे. जन्मतारीख अज्ञात, मृत्यूची तारीख पक्की. मक्याच्या ओळी तो पुन्हापुन्हा मोजत बसे, तेव्हा त्याच्या हाती नांगर देऊन, नांगरता नांगरता मोज, असे सांगितले. घोडा हाकत, वळवत, सरळ तास धरत तो मोजू लागला. गावच्या छोट्या शाळेत त्याच्या तऱ्हा सगळ्यांनी चालवून घेतल्या आणि अभ्यासात तो चांगला पुढे गेला.

मुलाचा छंद तोडायचा नाही, त्याला कामाला जुंपायचे. हे त्या दांपत्याला कोणी शिकवले नव्हते. कॅनर यांनीही त्याचे श्रेय स्वतःकडे घेतले नाही, उलट शहाणपण त्या दोघांचे असे सरळ लिहून ठेवले.

मग याच कॅनर यांच्या हातून पालकांवर अन्याय कसा झाला? १९४३ च्या निबंधातच दोन सूर आहेत. शेवटी त्यांनी स्पष्ट लिहिले, की ही मुले माणसांशी नैसर्गिक भावनिक संबंध जोडण्याची क्षमता जन्मतःच न घेता आलेली दिसतात. म्हणजे दोष कोणाचा नाही. पण त्याच निबंधात त्यांनी हेही टिपले, की या मुलांच्या आईवडिलांत खरोखर प्रेमळ माणसे थोडी आहेत, बहुतेक बुद्धिमान, अभ्यासू आणि काटेकोर आहेत. पुरावा काय? तर पालकांनी ठेवलेल्या बारीकसारीक नोंदी. डोनाल्डच्या वडिलांचे ३३ पानांचे पत्र इथे वडिलांच्या अतिरेकी काटेकोरपणाची खूण ठरले. ज्या कागदांच्या आधारे रोगाला नाव मिळाले, तेच कागद पालकांविरुद्ध दाखल झाले.

इथे एक साधी गोष्ट कॅनर यांच्या नजरेतून सुटली. त्या काळात दूरवरून बाल्टिमोरपर्यंत मुलाला घेऊन येणे, पत्रे टंकलिखित करून पाठवणे, हे कोणाला परवडणार? वकील, डॉक्टर, प्राध्यापक यांनाच. गरिबाचे तसेच मूल मतिमंद म्हणून एखाद्या संस्थेत पडून राही किंवा घराच्या मागच्या खोलीत. दवाखान्यात येणारे पालक सुशिक्षित होते, याचा अर्थ शिक्षणाने ऑटिझम होतो असा नव्हे, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली.

१९४० च्या दशकाअखेर कॅनर यांचा कल आणखी त्या बाजूला झुकला. १९४९ च्या एका लेखात त्यांनी या मुलांच्या घरांची तुलना कधीच न वितळणाऱ्या रेफ्रिजरेटरशी केली. अमेरिकेत तेव्हा मनोविश्लेषणाची लाट होती, प्रत्येक दुखण्याचे मूळ आईत शोधायचे दिवस. उपमा उचलली गेली आणि तिची रेफ्रिजरेटर मदर झाली, थंड हृदयाची आई. शिकागोत मुलांची निवासी शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी तर त्यावर पूर्ण सिद्धांत रचला. १९६७ च्या त्यांच्या पुस्तकाने तो घराघरांत पोचवला. मुलाला आईवडिलांपासून तोडणे हाच उपचार, असे त्यांचे मत. आईला समुपदेशनाला बसवायचे आणि तिने मुलाला का नाकारले ते तिच्याकडून वदवून घ्यायचे, अशी पद्धत रूढ झाली. ज्या बाईच्या घरात दुसरे मूल हसते-खेळते वाढत होते, तिलाही हा प्रश्न विचारला जाई.

शाळांना ही मांडणी सोयीची होती. मूल वर्गात बसत नाही तर दोष घराचा, मग शाळेने बदलायचे कशासाठी? १९७५ चा कायदा होईपर्यंत अमेरिकेत अपंग मुलाला शाळेने सरळ नाकारले तरी पालकांना फारसे काही करता येत नसे. आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचा नावानिशी उल्लेख आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारमान्य शाळांना अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश देणे बंधनकारक केले. कागदावर आपण बरेच पुढे आलो आहोत. वर्गाच्या दारात काय होते, ते पालकांना विचारावे.

सिद्धांताला पहिला मोठा तडा एका पालकाने पाडला. अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी उपलब्ध सगळे संशोधन पालथे घातले आणि १९६४ मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिले, की आईच्या वागण्याने ऑटिझम होतो याला पुरावाच नाही, कारण मेंदूत शोधले पाहिजे. त्या पुस्तकाला प्रस्तावना कॅनर यांची होती. आपल्याच नावाने चालणाऱ्या मताविरुद्धच्या पुस्तकाला प्रस्तावना देणे, हे सगळ्यांना जमत नाही. पुढच्या वर्षी रिमलँड आणि इतर पालकांनी राष्ट्रीय संघटना काढली.

या संघटनेचे पहिले वार्षिक अधिवेशन जुलै १९६९ मध्ये वॉशिंग्टनला भरले. पंचाहत्तरीतले कॅनर तिथे बोलायला उभे राहिले. समोर बसलेल्यांत अशा कितीतरी आया होत्या, ज्यांनी वर्षानुवर्षे स्वतःला गुन्हेगार मानले होते. कॅनर यांनी आधी आपली बाजू मांडली. आपले म्हणणे वेळोवेळी विपर्यस्त करून सांगितले गेले, ही अवस्था जन्मजात आहे असे आपण पहिल्याच निबंधात म्हटले होते, याची त्यांनी आठवण करून दिली. आयांच्या बाजूने लिहिलेल्या आपल्या जुन्या पुस्तकाचा दाखला दिला. आणि मग पालक म्हणून तुम्हा सर्वांना मी निर्दोष ठरवतो, अशा आशयाचे जाहीर विधान केले. सभागृह उठून उभे राहिले.

ते संपूर्ण प्रामाणिक होते का? माझ्या मते पूर्ण नाही. न वितळणाऱ्या रेफ्रिजरेटरचा शब्द दुसऱ्या कोणी त्यांच्या तोंडी घातलेला नव्हता, तो त्यांचाच होता. विपर्यासाची तक्रार करताना त्यांनी स्वतःचा तेवढा भाग सोडून दिला. तरीही निर्दोष ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे लोक मानत होते, त्याने तो वापरला. बेटेलहाइम यांनी माघार कधीच घेतली नाही.

विज्ञानाचा पुरावा थोडा मागाहून आला. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये सुसान फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्या मुलांच्या २१ जोड्या तपासल्या. त्यातल्या ११ जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या होत्या. त्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या १० जोड्यांत असे एकदाही घडले नव्हते. आई तीच, घर तेच. फरक होता तो जनुकांचा. संख्या लहान होती, पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी दिशा हीच दाखवली.

१९५९ मध्ये निवृत्त झाल्यावरही कॅनर यांचे काम थांबले नव्हते. ऑटिझमला वाहिलेल्या पहिल्या शास्त्रीय नियतकालिकाचे ते संस्थापक संपादक झाले आणि १९७१ मध्ये त्यात त्यांनी आपल्या पहिल्या ११ मुलांचे पुढे काय झाले ते लिहिले. वाचताना जीव गलबलतो. ज्यांना मोठ्या सरकारी संस्थांत टाकले गेले, त्यांची लहानपणीची चमक, पाठांतर, चित्रे, सगळे विझून गेले होते. त्या संस्थेत जाणे म्हणजे जन्मठेपच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दोघे मात्र नोकरी करून सन्मानाने जगत होते. एक जण कार्यालयात प्रती काढण्याच्या यंत्रावर काम करत होता. दुसरा डोनाल्ड. नंतरच्या आणखी एका लेखात १९५३ पूर्वी पाहिलेल्या ९६ मुलांपैकी समाजात रुळलेल्या ११ जणांचा त्यांनी शोध घेतला. या ११ पैकी कोणीही मनोरुग्णालयात राहिलेले नव्हते. शाळकरी वयाच्या अखेरीस आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत हे त्यांना स्वतःला उमगले होते आणि आपले छंद वापरून त्यांनी माणसांत जागा मिळवली होती.

लिओ कॅनर १९८१ च्या एप्रिलमध्ये मेरीलँडमध्ये वारले, वयाच्या ८६ व्या वर्षी. आजचा ऑटिझम त्यांच्या कल्पनेहून कितीतरी रुंद आहे. स्वमग्न मुलीची आई असलेल्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी ज्युडिथ गूल्ड यांच्यासह केलेल्या १९७९ च्या अभ्यासानंतर त्याकडे एकच साचा म्हणून न पाहता पट्टा म्हणून पाहिले जाते. कॅनर यांच्या अरुंद व्याख्येबाहेर राहिल्यामुळे असंख्य मुले मदतीवाचून वाढली, हेही खरे.

डोनाल्ड गावातल्या माध्यमिक शाळेतून उत्तीर्ण झाला आणि १९५८ मध्ये मिलसॅप्स कॉलेजातून फ्रेंच विषय घेऊन पदवीधर झाला. गावातल्या बँकेत, जी त्याच्या आईच्या माहेरच्या मंडळींशी संबंधित होती, त्याने नोकरी केली. सत्ताविसाव्या वर्षी तो गाडी चालवायला शिकला. गोल्फ खेळायचा, आणि एकट्याने प्रवास करत अनेक देश पाहिले. जून २०२३ मध्ये, ८९ वर्षांचा असताना, तो वारला. गावातल्या ओळखीच्या माणसांना तो एकेक क्रमांक देऊन ठेवत असे. एखादा जुना वर्गमित्र कित्येक वर्षांनी समोर आला, तरी त्याला त्याचा क्रमांक तो न चुकता सांगायचा.